नकार सरांची उठती गाडी

आमच्या संस्थेत त्यांना सगळे 'नकार सर' म्हणतात. नव्या विद्यार्थ्यांना वाटतं, हे सर प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत असणार. सुट्टीचा अर्ज यांच्याकडे न्यायलाच नको. प्रत्यक्षात या माणसाला नाही म्हणता येत नाही, ही त्याच्या बायकोची लग्नापासूनची तक्रार. दुसऱ्याच्या वाटणीच्या उत्तरपत्रिका तपासायच्या असोत की कोणाच्या घरचं कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायचं असो, हा बाह्या सरसावून हजर. नाव पडलं ते त्याने मांडलेल्या एका सिद्धांतामुळे. त्या सिद्धांताने त्याला नाव दिलं, खोली दिली, परदेशवाऱ्या दिल्या आणि शेवटी चांगलंच तोंडघशी पाडलं. म्हणजे पाडायला हवं होतं. तेही नीट झालं नाही.

मी त्याच विभागात ड्रॉइंग शिकवतो. आमची टेबलं पहिल्यापासून शेजारी-शेजारी, म्हणून बाकीचे सर म्हणत असले तरी मी त्याला अरे-तुरे करतो. आमच्या विभागाचं नाव आहे 'औद्योगिक तंत्रज्ञान, नवोन्मेष व उपयोजित अभिकल्प विभाग'. ते दारावरच्या पाटीवर मावलं नाही. 'अभिकल्प' खालच्या ओळीत गेला आणि दाराच्या कडीमागे अर्धा झाकला. डिझाइन शिकवणाऱ्या विभागाच्या पाटीचं मापच चुकलं आहे, हे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या लक्षात येतं आणि प्रत्येक पाहुणा शिष्टाचार म्हणून ते बोलत नाही.

तो डॉक्टरेटसाठी दाखल झाला तेव्हा त्याच्या डोक्यात सिद्धांत-बिद्धांत काही नव्हता. गाडी होती. आमच्या कॅन्टीनमध्ये ताटं ठेवायला स्टीलचं एक उभं नळकांडं होतं. वरचं ताट उचललं की खालची स्प्रिंग पुढचं ताट वर ढकलायची, त्यामुळे ताट कायम हाताशी. एक दिवस जेवण घ्यायचं सोडून हा नुसती ताटंच उचलत राहिला. मागे रांग खोळंबली, कोणीतरी म्हणालं, "अहो, एकटे किती जेवणार?" पण त्याला दिसलं होतं ते वेगळंच.

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, फिजिओथेरपिस्ट आहेत. त्या वेळी त्यांनी नुकताच दवाखाना थाटला होता आणि तिथे येणारे बरेचसे रोगी गावाबाहेरच्या पंपाच्या कारखान्यातले. सगळ्यांची तक्रार एकच, कंबर. तिथे पंपांची ओतीव लोखंडी कवचं, कारखान्यातल्या भाषेत 'बॉड्या', सपाट ढकलगाडीवर रचून जुळणी विभागात येत. वरच्या बॉड्या सहज उचलता येत, पण गाडी रिकामी होत जाई तसं माणसाला अधिकाधिक खाली वाकावं लागे. दिवसभर वाका, उचला, वाका, उचला. याने ठरवलं, गाडीचा तळच स्प्रिंगांवर बसवायचा. एक बॉडी उचलली की तळ तेवढा वर येईल आणि पुढची बॉडी पुन्हा कमरेइतक्या उंचीवर. वाकायचं कामच नाही.

वर्कशॉपमध्ये खपून त्याने अशा चार गाड्या बनवून घेतल्या आणि त्यांना हिरवा रंग दिला, का तर हिरवा रंग मनाला शांत करतो असं कुठेतरी वाचलेलं. कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांनी गाड्या आनंदाने ठेवून घेतल्या. फुकटच होत्या. आता राहिलं निरीक्षण. लोक गाडी कशी वापरतात, किती कमी वाकतात, किती थकतात, हे सगळं मोजून प्रबंधात मांडायचं.

जुळणी विभागाच्या वर माळ्यासारखी एक काचेची केबिन होती. तिथे हा कॅमेरा आणि स्टॉपवॉच घेऊन बसे. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, आदल्या दिवशी फोन करून; शास्त्रीय निरीक्षणात शिस्त हवी, असं आमचे मोठे सर सांगत. मोठे सर म्हणजे तेव्हाचे विभागप्रमुख आणि याचे मार्गदर्शक.

पहिल्या दिवशी कोणी हिरव्या गाडीला हात लावला नाही. त्याला वाटलं, नवी आहे, सवय नाही. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेला तेच. चार हिरव्या गाड्या भिंतीशी लग्नातल्या रुसलेल्या पाहुण्यांसारख्या उभ्या आणि माणसं शेजारच्या जुन्या गाडीवर वाकून वाकून बॉड्या उचलताहेत. मग हा खाली उतरला आणि एकेकाला विचारायला लागला.

"गाडी कशी वाटते?"

"छान आहे सर."

"काही अडचण?"

"नाही नाही. एकदम छान."

"रंग आवडला नाही का?"

"रंग तर फारच छान."

त्याने उंची बदलून पाहिली. दांड्याला रबर लावलं. स्प्रिंगा बदलल्या. दर बदलानंतर लोकांचं कौतुक वाढत गेलं आणि गाड्या जागच्या हलल्या नाहीत. त्या काळात तो पार खचला होता. टेबलाशी बसून पेन्सिलीला टोक काढत राही. वहिनी म्हणाल्या, "त्यांना सरळ विचार ना, का वापरत नाही म्हणून."

"विचारलं. म्हणतात, छान आहे."

"मग वापरत का नाहीत?"

"तेच तर."

"तुझं बोलणं त्यांना कळत नसेल. मलाही पुष्कळदा कळत नाही."

शेवटी तो मोठ्या सरांकडे गेला आणि म्हणाला, "सर, माझं डिझाइन फसलं. विषय बदलून द्या." मोठ्या सरांनी चष्मा कपाळावर चढवला, सगळे तक्ते पाहिले, मुलाखती वाचल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "फसलं हा शब्द आधी खोड," ते म्हणाले. "इथे निष्पत्ती लिही. अरे, तुला सोन्याची खाण लागली आहे आणि तू रडतोस काय?"

अशा रीतीने 'मूक नकारा'चा सिद्धांत जन्माला आला. थोडक्यात तो असा: नवं तंत्रज्ञान वरून लादलं गेलं की कामगार तोंडाने होकार देतो आणि हाताने नकार. त्यातलं एक वाक्य पुढे फार गाजलं: 'वापरकर्ता एखाद्या वस्तूची जितकी स्तुती करतो, तितका तो त्या वस्तूपासून दूर गेलेला असतो.' शोधनिबंध छापून आला आणि काही महिन्यांतच जगभरच्या लोकांनी तो उचलून धरला. बहुतेक ठिकाणी कोणाचं तरी काहीतरी फसलेलंच होतं. कोणाचं यंत्र पडून होतं, कोणाचं ॲप. आतापर्यंत त्यांना त्याबद्दल मान खाली घालावी लागत होती. आता ते म्हणू लागले की आमच्याकडे मूक नकार झाला.

त्यावर याचं पुस्तक निघालं, याला बोलावणी येऊ लागली. गाडी तयार करताना ज्याला कोणी विचारलं नव्हतं, तो गाडी का चालली नाही हे सांगत देशोदेशी फिरू लागला. संस्थेने 'नकार अध्ययन केंद्र' काढलं. त्यासाठी वर्कशॉपची अर्धी जागा घेऊन तिथे गालिचा अंथरला आणि आमची लेथ मशीन व्हरांड्यात आली. विद्यार्थी आले, प्रबंध आले. उघड नकार, अर्ध-मूक नकार, विलंबित नकार. 'मूक नकाराचे उपप्रकार' या विषयावर एक मुलगी तर इतकी वर्षं काम करत होती, की तिला सगळे 'उपप्रकार'च म्हणत. मोठे सर तोवर संचालक झाले होते. नकार सरांनी मात्र त्यानंतर एकही वस्तू बनवली नाही. वेळच नव्हता. कधी तरी व्हरांड्यातल्या लेथवर हात ठेवून उभा राही आणि कोणी आलं की लगबगीने आत जाई.

मग केंद्राच्या वर्धापनाचा मोठा समारंभ ठरला. सरांचा सत्कार, बाहेरचे पाहुणे आणि एक छोटी फिल्म. फिल्म बनवणाऱ्याला पाहिजे होतं धूळ खात पडलेल्या त्या चार हिरव्या गाड्यांचं चित्र. "कोळिष्टकं असतील तर फारच उत्तम," तो म्हणाला. कारखान्याचा नंबर बदलला होता, फोन लागेना. तेव्हा हा मला म्हणाला, "चल रे, आपणच जाऊन फोटो काढून आणू. निदान भंगारात तरी गेल्या नसतील."

कारखाना आता वाढला होता. जुने मॅनेजरसाहेब केव्हाच निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले होते. फाटकावर नावं लिहून आम्ही जुळणी विभागात शिरलो आणि दारातच थबकलो. सगळीकडे हिरव्या गाड्या. चार नाहीत, मोजाव्या लागतील इतक्या. काहींचा हिरवा जरा निळसर होता, काहींची चाकं वेगळी. कारखान्यानेच मागाहून नक्कल करून बनवलेल्या असणार. आणि प्रत्येक गाडीशी माणूस उभा. बॉडी उचलली की तळ चुर्र आवाज करून वर, पुढची बॉडी हाताशी. कोणी वाकत नव्हतं.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं आणि फोनचा कॅमेरा छातीशी तसाच धरलेला.

तेवढ्यात पलीकडच्या टोकाहून एक पन्नाशीच्या बाई आल्या. तिथे सगळे त्यांना ताई म्हणत होते. विभाग आता त्यांच्या हाताखाली होता. त्यांनी याला नीट न्याहाळलं, ओळख पटली आणि त्या एकदम मागे वळून ओरडल्या, "ए, सोडा! सोडा गाड्या! संस्थेतले सर आलेत!"

रांगेतल्या जुन्या माणसांनी चटकन हात काढून घेतले आणि ती दोन पावलं मागे सरकली. नवीन होती ती भांबावून त्यांच्याकडे पाहत राहिली.

"अहो, चालू द्या ना," हा कसाबसा म्हणाला. "का सोडल्या?"

"परत न्यायला आलात?" ताईंनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "आता इतक्या वर्षांनी नका हो नेऊ सर. आणि केस किती गेले तुमचे! आधी ओळखलंच नाही."

"नेत नाही मी. पण ताई, तुम्ही लोक तर ह्या गाड्या वापरत नव्हतात."

"कोण म्हणतं? पहिल्या दिवसापासून वापरतोय."

"मी स्वतः पाहिलंय! वर त्या केबिनमध्ये बसून. एकानेही हात लावला नव्हता."

"तुम्ही यायचात तेव्हा नाही लावायचो," ताई म्हणाल्या, जणू हे उघडच होतं. "मॅनेजरसाहेबांची सक्त ताकीद होती. संस्थेची महागाची वस्तू आहे, सर बघायला येतील तेव्हा नव्यासारखी दिसली पाहिजे. ओरखडा दिसला तर तुमच्याकडून घेईन. म्हणून तुमचा फोन आला की आम्ही गाड्या पुसायचो आणि भिंतीला लावून ठेवायचो. तुमची पाठ वळली की परत घ्यायचो."

"पण मी विचारत होतो ना तुम्हाला! अडचण काय, अडचण काय..."

"आम्हाला वाटायचं, तुम्ही चोरी पकडताय. एकदा तर तुम्ही स्प्रिंगाच बदलल्यात. आम्ही म्हटलं झालं, कळलं यांना. म्हणून आपलं छान छान म्हणायचो. जेवायच्या सुट्टीत आम्ही त्याच्यावर बसायचोसुद्धा. एक उठला की दुसरा टुणकन वर! काय हसायचो..." त्या सांगता सांगताच हसायला लागल्या आणि मग याचा चेहरा पाहून थांबल्या. "राग आला का सर?"

राग आला नव्हता. तो जवळच्या गाडीपाशी गेला. वाटेतल्या माणसाला म्हणाला, "जरा उचलू का?" आणि त्याने एक बॉडी उचलली. तळ चुर्र करून वर आला. मग दुसरी. तिसरी. माणूस अवघडून म्हणाला, "सर, ती तिकडे ठेवायची नसते."

परतीच्या बसमध्ये तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. मला वाटलं, धक्का बसला असेल. तर एकदम वळून म्हणाला, "म्हणजे चालली की रे गाडी!" आणि लहान मुलासारखा हसला. थोड्या वेळाने हसू मावळलं. "म्हणजे बाकी सगळं गेलं," तो म्हणाला. मग पुन्हा हसला. घर येईपर्यंत त्याचं हेच चालू होतं. शेजारच्या प्रवाशाने शेवटी जागा बदलली.

वहिनींनी सगळं ऐकलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसता पुसता थांबल्या. "एक मिनिट," त्या म्हणाल्या. "तेव्हाच ते कारखान्यातले लोक माझ्याकडे यायचे बंद झाले. एकेक करून सगळे. मला वाटलं, कोपऱ्यावर तो नवा दवाखाना निघालाय, तिकडे जातात. किती मनाला लावून घेतलं मी! त्या दवाखान्यातल्या बाईशी आजतागायत बोलत नाही मी!"

"मला बोलली नाहीस कधी."

"तू तेव्हा पेन्सिलींना टोकं काढत होतास."

दुसऱ्या दिवशी तो संचालकांकडे गेला, म्हणजे आपल्या मोठ्या सरांकडेच. मीही सोबत होतो, त्याला धीर म्हणून. मोठ्या सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि उठून केबिनचं दार लावलं.

"कोणाकोणाला सांगितलंस?"

"घरी. आणि हा होता बरोबर."

"छान. आता असं कर, समारंभ होऊन जाऊ दे."

"पण सर, सिद्धांतच चुकीचा आहे."

"सिद्धांत चुकीचा नाही. उदाहरण चुकीचं निघालं. सिद्धांत आता त्या उदाहरणाच्या कितीतरी पुढे गेलाय. आणि त्या उपप्रकारचा विचार कर. पोरीचा प्रबंध महिन्याभरात सादर व्हायचाय."

तो त्या मुलीलाही भेटला. बिचारीने सगळं ऐकून डोकं धरलं आणि म्हणाली, "सर, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण खरंच एवढा एक महिना नका ना बोलू." नाही म्हणता येत नसल्यामुळे हा बरं म्हणाला. बोलणार नाही, पण लिहीन, अशी स्वतःची समजूत घातली आणि सुट्टी टाकून 'मूक नकार: एक दुरुस्ती' असा निबंध लिहून काढला. पहिला निबंध ज्या जर्नलमध्ये आला होता तिथेच पाठवला. तिथे लेखकाचं नाव झाकून निबंध परीक्षकाकडे जातो आणि परीक्षकाचं नाव लेखकाला कळत नाही. दोघांनीही निःपक्षपाती राहावं म्हणून.

परीक्षकाचा अभिप्राय आला तेव्हा त्याने तो मला मोठ्याने वाचून दाखवला. 'लेखकाने या क्षेत्रातलं मूळ संशोधन काळजीपूर्वक वाचलेलं दिसत नाही. एका कारखान्याला एकदा भेट देऊन तो एका प्रस्थापित सिद्धांताला आव्हान देतो, हे धाडस आहे, अभ्यास नव्हे. कामगारांनी पाहुण्याला खूश करण्यासाठी "आम्ही पहिल्यापासून वापरतो" असं सांगितलं आणि लेखक त्यावर भाबडेपणाने विश्वास ठेवतो. वास्तविक, वापरकर्ता एखाद्या वस्तूची जितकी स्तुती करतो, तितका तो त्या वस्तूपासून दूर गेलेला असतो. हा मूक नकाराचाच उत्तम नमुना आहे. निबंध नाकारावा. लेखकाने मूक नकाराच्या जनकाचं पुस्तक जरूर वाचावं.'

"त्यातलं मधलं वाक्य माझं आहे," तो म्हणाला. "वाक्य काही वाईट नाही रे." मग कागद खाली ठेवून डोळे चोळत म्हणाला, "तो माणूस मूर्ख नाही. मी त्याच्या जागी असतो तर हेच लिहिलं असतं. मीच शिकवलंय सगळ्यांना, की लोक हो म्हणाले तर विश्वास ठेवू नका."

समारंभ जवळ येत होता. तोवर उपप्रकारचा प्रबंध सादर झाला होता. तेवढं वचन त्याने पाळलं. सभागृह भरलं. मोठे सर बोलले, पाहुणे बोलले. फिल्म दाखवली. तिच्यात गाड्या नव्हत्याच. भिंतीशी उभ्या असलेल्या भलत्याच ढकलगाड्या दाखवून त्यावर उदास संगीत टाकलं होतं. मग शाल, टाळ्या, आणि हा बोलायला उभा राहिला.

त्याने सगळं सांगितलं. केबिनपासून ताईंच्या 'ए, सोडा!'पर्यंत. आडपडदा न ठेवता, कोणावर न ढकलता. "मी ज्याला नकार म्हटलं," तो म्हणाला, "ती केवळ माझ्याविषयीची भीती होती. मी काच पुसून पाहत राहिलो, पण काचेमागे मी बसलोय हे विसरलो. माझी तुम्हा सगळ्यांना विनंती आहे, की हा सिद्धांत आजपासून मागे घेतला असं समजावं."

मला वाटलं, आता काहीतरी होणार. आणि झालंच. मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं, मग सगळं सभागृह हसलं आणि टाळ्यांचा जो कडकडाट सुरू झाला तो थांबेना. लोक उभे राहिले. प्रमुख पाहुण्यांनी माइक ओढून घेतला. "केवढा हा विनय!" ते गहिवरून म्हणाले. "आपलाच सिद्धांत आपणच नाकारायचा! मी विचारतो, याहून मोठा नकार कोणता?" पहिल्या रांगेत वहिनी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. शेजारच्या बाईंना वाटलं, भारावून गेल्या आहेत. त्यांनी वहिनींच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढच्या वर्षी 'आत्म-नकार' हा नवा उपप्रकार अभ्यासक्रमात आला. त्याचं उदाहरण म्हणून त्याचंच भाषण आहे.

त्याच सुमारास त्याने केंद्र सोडलं. भांडून नाही. प्रमुखपद त्या प्रबंधवाल्या मुलीकडे दिलं. ती हुशार आहे, मनाने चांगली आहे आणि केंद्र उत्तम चालवते. गालिचा नवीन घातलाय. हा पहिल्या वर्षाच्या मुलांना वर्कशॉप शिकवायला परत आला. मोठ्या सरांना वाटलं चार दिवसांचं खूळ आहे. मुलं कानस चालवताना हा त्यांच्यामागून फिरतो, लोखंडाचा वास कोटाला घेऊन घरी जातो आणि वहिनी तो कोट बाहेरच टांगायला लावतात.

कारखान्यात तो अधूनमधून जातो. फोन न करता. ताईंनी एकदा सहज म्हटलं होतं, की गाडीची चाकं वळताना अडतात. त्याने उन्हाळाभर खपून वेगळी चाकं बनवली, स्वतः नेऊन एका गाडीला बसवली. आठवड्याने गेला तर चाकं काढून पिशवीत बांधून ठेवलेली.

"नको सर ही," ताई म्हणाल्या. "फार पळतात. एकाच्या पायावर गाडी गेली. घेऊन जा."

हे मला सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता, की एखाद्याला वाटावं पारितोषिक मिळालं. "स्पष्ट सांगितलं रे! तोंडावर! घेऊन जा म्हणाल्या!" दुसऱ्या खेपेच्या चाकांना ब्रेक होता. ती चालली. बऱ्यापैकी.

मागच्या महिन्यात वहिनी त्याच्याबरोबर कारखाना पाहायला गेल्या. एवढी वर्षं जिच्यापायी कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या बाईशी अबोला धरला ती गाडी एकदा डोळ्यांनी बघायची होती, असं त्या म्हणाल्या. मीही गेलो. गाड्या पाहून झाल्यावर आम्ही तिथल्या जेवणघरात चहा घेत बसलो. ताईंनी कप उचलताना उजवा खांदा जरासा चोरला, तो वहिनींच्या नजरेतून सुटला नाही. "हात वर करून दाखवा," त्या म्हणाल्या. ताईंचा हात कानापर्यंतही जाईना. वहिनींनी त्यांना तिथेच बाकावर बसवलं आणि खांदा चाचपायला सुरुवात केली. हा मधे डोकावला तर म्हणाल्या, "तू जरा बाजूला हो आणि माझी पर्स धर."

"कशाने झालं हे?" वहिनींनी विचारलं.

"ते नवीन दाबयंत्र आलंय ना, त्याची दांडी फार उंचावर आहे. दिवसभर वर हात करून ओढायची. म्हटलं आम्ही साहेबांना, पण कोण ऐकतं? आणि त्याचा आवाज! घरी गेलं तरी कानात वाजत असतो. वर सायकली ठेवायच्या जागेला छप्पर नाही. आणि हा चहा तरी चहा म्हणायचा का? परवा मी भावजयीला सांगत होते..."

नकार सर पर्स काखेत धरून ऐकत उभा होता. एकदा मला वाटलं, तो दांडीची उंची मोजायला पळणार. तसा त्याचा हात खिशातल्या टेपकडे गेलाही होता. पण तो पळाला नाही. स्टूल ओढून ताईंच्या समोर बसला. "भावजय काय म्हणाली?" त्याने विचारलं.

सुट्टी संपल्याची घंटा झाली, माणसं उठून आत गेली, आणि ताई सांगतच होत्या.